सुरक्षा परिषदेची एकत्रित निर्बंध यादी: नाव चढते, उतरता उतरत नाही

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची एकत्रित निर्बंध यादी फुकट आहे. कोणीही ती उतरवून घेऊ शकतो, आणि जगभरच्या बँका, विमा कंपन्या, खनिज खरेदीदार व मदतसंस्था तिच्याशी रोज नावे ताडून पाहतात. इथे ती एकाच कामासाठी तपासली आहे: यादवी युद्ध संपल्यावर किंवा संपत आल्यावर बंडखोर गटांवर जे निर्बंध उरतात, त्यांचा माग काढायला ही यादी कितपत पुरते?

हा भाग निवडण्याला कारण आहे. याच यादीत अल-कायदा आहे, उत्तर कोरिया आहे, आणि त्या नोंदींकडे सगळ्यांचे डोळे असतात, कारण काळ्या पैशाविरुद्ध नियम ठरवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारस ६ आणि ७ दहशतवाद व अण्वस्त्र प्रसार एवढ्याबद्दलच बोलतात. तपासनीस तेच विचारतात, म्हणून बँकांचे कम्प्लायन्स, म्हणजे नियमपालन, विभागही तेच सांभाळतात. काँगो किंवा मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक यांच्या नोंदी मग ‘बाकीच्या’ होऊन बसतात. प्रत्यक्षात बंधन तसूभरही कमी नाही. हे निर्बंध सनदेच्या सातव्या प्रकरणातल्या कलम ४१ खाली लावलेले असतात आणि कलम २५ प्रमाणे सगळ्या सदस्य देशांवर बंधनकारक असतात. ज्या संस्थेच्या स्क्रीनिंगमध्ये या व्यवस्था बंद करून ठेवल्या असतील, तिने त्या आजच चालू कराव्यात.

आधी चांगले. प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक आहे आणि तो वाचायला सोपा आहे. पहिली दोन अक्षरे निर्बंध व्यवस्था सांगतात: सीडी म्हणजे काँगो, सीएफ म्हणजे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, वायई म्हणजे येमेन, टीए म्हणजे तालिबान, क्यूडी म्हणजे अल-कायदा व इस्लामिक स्टेट. पुढचे अक्षर आय असेल तर व्यक्ती, ई असेल तर गट किंवा संस्था. मग तीन अंक. एडीएफ हा गट सीडीई.००१, एफडीएलआर सीडीई.००५, एम-२३ सीडीई.००६. नावाचे स्पेलिंग बदलते, टोपणनावांची भर पडते, क्रमांक तोच राहतो. म्हणून आपल्या नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक हीच मुख्य खूण धरावी.

नोंद कशी वाचायची ते सीडीई.००२ वर पाहू. ही ब्युटेम्बो एअरलाइन्स, काँगोच्या उत्तर किवू प्रांतातल्या ब्युटेम्बो शहरातून चालणारी खाजगी विमान कंपनी. यादीत आली २९ मार्च २००७ रोजी. कारणांच्या सारांशात सरळ लिहिले आहे की मालक किसोनी कांबाले याने या विमानांतून इटुरीतल्या एफएनआय या सशस्त्र गटाचे सोने, शिधा आणि शस्त्रे मोंगब्वालू व ब्युटेम्बो यांच्यामध्ये वाहिली. पुढच्या ओळी तितक्याच महत्त्वाच्या आहेत. कांबाले ५ जुलै २००७ रोजी मारला गेला. त्याचे स्वतःचे नाव २४ एप्रिल २००८ रोजी यादीतून निघाले. डिसेंबर २००८ पासून कंपनीकडे विमान चालवण्याचा परवाना नाही. म्हणजे मालक गेला, त्याचे नाव उतरले, परवाना संपला, आणि तरीही कंपनीची नोंद पुढे वर्षानुवर्षे राहिली.

या एका नोंदीत यादीचे गुण आणि दोष दोन्ही दिसतात. कोणी, कुठून कुठे, काय वाहिले आणि कोणता ठराव मोडला हे दोन-चार वाक्यांत समजते. व्यापारी पातळीवरच्या फुकट साधनात एवढी नेमकी माहिती सहसा मिळत नाही. याच काळातल्या कंपालाच्या दोन सोने-व्यापारी कंपन्यांच्या नोंदी, माचंगा आणि युगांडा कमर्शियल इम्पेक्स, तशाच वाचनीय आहेत. बंडखोरांचे सोने कोणाच्या तिजोरीत जात होते ते त्यात उघड लिहिले आहे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बादिका या हिरे खरेदी कंपनीची २०१५ ची नोंदही पाहावी. तिच्यासोबत अँटवर्पमधल्या कार्दियाम या संलग्न कंपनीचे नाव आहे. बंडखोर जंगलात असतो, त्याचा हिरा युरोपातल्या बाजारात पोचतो, आणि निर्बंधांना तिथवर जावे लागते. हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने नावांची ओळ सोडून कारणांचा सारांश वाचावा. सारांश संबंधित समितीच्या पानावर असतो. नुसती मुख्य यादी उतरवून घेणाऱ्यांच्या हाती तो लागत नाही, आणि ही मोठी त्रुटी आहे.

आता नावे. इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या यादीच्या रचनेतून येतात. नाव चार रकान्यांत तुकडे करून दिलेले असते. पहिला रकाना म्हणजे पहिले नाव आणि शेवटचा म्हणजे आडनाव असे गृहीत धरू नये. नाव ज्या क्रमाने लिहिले जाते त्या क्रमाने तुकडे भरलेले असतात. छापील आवृत्तीत रिकाम्या जागी ‘एनए’ ही दोन अक्षरे असतात. पीडीएफमधून मजकूर ओढून घेणाऱ्या प्रणालीत ती अक्षरे नावाचाच भाग होऊन बसतात आणि मग जुळणी चुकते. उपाय साधा आहे: पीडीएफ माणसाने वाचण्यासाठी ठेवावी, यंत्राला एक्सएमएल, म्हणजे यंत्राला वाचता येणारी फाइल, द्यावी.

टोपणनावे दोन प्रतींची असतात, चांगल्या दर्जाची आणि कमी दर्जाची. काँगोतला बंडखोर नेता बोस्को न्तागांडा याची नोंद या दृष्टीने उघडून पाहण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ज्याला २०१९ मध्ये ३० वर्षांची शिक्षा दिली तोच हा. यादीत २००५ साली मुख्य नाव नोंदले गेले ते ‘तागांडा’, सुरुवातीच्या ‘न’ शिवाय. ‘न्तागांडा’ हे रूप टोपणनावांत आहे. कमी दर्जाच्या टोपणनावांत ‘टर्मिनेटर’, ‘लिडिया’ आणि ‘टँगो रोमिओ’ अशी वायरलेसवरची हाक आहे. फक्त मुख्य नाव तंतोतंत जुळवणाऱ्या यंत्रणेला जगाला माहीत असलेला हा माणूस सापडणारच नाही. उलट कमी दर्जाची टोपणनावेही तितक्याच जोराने जुळवली, तर लिडिया नावाच्या प्रत्येक ग्राहक बाईचा व्यवहार अडकेल. म्हणून मुख्य नाव आणि चांगल्या दर्जाची टोपणनावे अस्पष्ट जुळणीत, म्हणजे स्पेलिंग थोडे वेगळे असले तरी नाव पकडणाऱ्या जुळणीत, घालावीत. कमी दर्जाची टोपणनावे मात्र जन्मवर्ष, राष्ट्रीयत्व किंवा गाव यांपैकी किमान एक खूण जुळली तरच विचारात घ्यावीत. जन्मतारखा बऱ्याचदा अंदाजे असतात, कधी दोन वर्षांची कक्षा असते. तारीख तंतोतंत मागणारा नियम इथे खऱ्या माणसालाच सोडून देतो.

रोजच्या कामात एक्सएमएल चांगली चालते. फाइलच्या माथ्यावर ती तयार झाल्याची तारीख असते, प्रत्येक नोंदीत यादीत घातल्याची तारीख आणि नंतरच्या दुरुस्त्यांच्या तारखा असतात. पण एक गोष्ट नवख्यांना हमखास दगा देते: यादीतून काढलेली नोंद फाइलमधून नुसती नाहीशी होते. ‘काढले’ असा शेरा नाही, कारण नाही, तारीख नाही. त्यामुळे कालची फाइल जपून ठेवून आजच्या फाइलशी क्रमांकावार ताडून पाहणे हा एकच मार्ग उरतो. आज नसलेला पण काल असलेला क्रमांक सापडला, की समितीचे प्रसिद्धीपत्रक शोधून नाव खरेच काढल्याची खात्री करावी आणि मगच खाते मोकळे करावे. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस मालीच्या बाबतीत हेच घडले. २०१५ च्या शांतता कराराला अडथळा आणणाऱ्यांसाठी २०१७ साली उभी केलेली ती व्यवस्था रशियाच्या नकाराधिकारामुळे पुढे चालू राहिली नाही आणि आठ व्यक्तींची नावे एकदम उतरली. फक्त नव्या नोंदींवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीत ती आठ नावे तशीच गोठलेली राहतात.

जुळणी खरी निघाली तर क्रम ठरलेला आहे. आधी गोठवायचे, मग देशातल्या अधिकृत यंत्रणेला कळवायचे, मग चौकशी. पैसे पाठवणाऱ्याला परत करणे म्हणजे गोठवणे नव्हे, आणि ही चूक वारंवार होते. गोठवलेल्या खात्यात व्याज जमा होऊ शकते, तेही गोठलेलेच राहते.

यादीत काय नाही, हे जाणणे तिच्यात काय आहे याइतकेच महत्त्वाचे आहे. शस्त्रबंदी यादीवर अवलंबून नसते. काँगोत २००८ च्या ठराव १८०७ नंतर शस्त्रबंदी त्या देशात वावरणाऱ्या सगळ्या बिगरसरकारी गटांना आणि व्यक्तींना लागू आहे, त्यांचे नाव यादीत असो वा नसो. पूर्व काँगोत असंख्य सशस्त्र गट आहेत आणि यादीत त्यांतले मोजकेच. ‘नाव सापडले नाही, माल जाऊ द्या’ असे म्हणून वाहतूकदाराने गणवेशाचे कापड, वायरलेस संच किंवा चारचाकी गाड्या सोडल्या तर निर्बंध मोडल्याचा धोका तसाच राहतो. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात जुलै २०२४ च्या ठराव २७४५ ने सरकारवरची शस्त्रबंदी उठवली, पण सशस्त्र गटांवरची ठेवली. सोमालियातही डिसेंबर २०२३ मध्ये सरकार मोकळे झाले आणि अल-शबाबसाठी वेगळी व्यवस्था उभी राहिली. युद्धोत्तर निर्बंधांची ही ठरलेली वाट आहे: आधी सगळ्या देशावर, मग फक्त बंडखोरांवर. यादीच्या पानावर हा बदल दिसत नाही, तो ठरावातच वाचावा लागतो.

मालकीचेही तसेच. अमेरिकेच्या नियमात ५० टक्के किंवा अधिक हिस्सा असा ठोस आकडा आहे, युरोपीय संघाच्या मार्गदर्शनातही ५० टक्क्यांची कसोटी आहे. सुरक्षा परिषदेच्या ठरावांत आकडा नाही. प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मालकी, ताबा, किंवा त्यांच्या वतीने वागणारे, एवढेच शब्द आहेत. त्यामुळे मेहुण्याच्या नावावरची ४० टक्क्यांची खाणकंपनी टक्केवारीच्या चाळणीतून सुटते, पण ठरावाच्या शब्दांतून सुटत नाही. दोन्ही कसोट्या लावाव्यात, आणि ताब्याचा प्रश्न सही कोण करते, पैसे कोण उचलते यावरून सोडवावा.

फुटीर गट हा आणखी एक खड्डा. गट फुटतो, नाव बदलतो, आघाडी करतो. यादी महिनोन्‌महिने मागे राहते. अमेरिकेने जुलै २०२४ मध्ये अलायन्स फ्लूव्ह काँगो या एम-२३ च्या राजकीय आघाडीला स्वतःच्या यादीत घातले. तसे झाले म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आपोआप काही होत नाही, दोन्ही याद्या वेगळ्या पाहाव्या लागतात. मधली दरी भरून काढायला तज्ज्ञ गटांचे अहवाल वापरावेत. काँगोवरच्या तज्ज्ञ गटाच्या अहवालांच्या जोडपत्रांत वाटा, मधले दलाल, कागदपत्रांची छायाचित्रे सापडतात, आणि आज अहवालात असलेले नाव उद्या यादीत येण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. मार्च २००० मध्ये अंगोलावरच्या समितीच्या कामातून, कॅनडाचे राजदूत रॉबर्ट फाउलर अध्यक्ष असताना, आलेल्या अहवालाने सत्तेवरच्या राष्ट्रप्रमुखांची नावे घेतली होती. युनिटा या अंगोलातल्या बंडखोर गटाच्या हिऱ्यांची वाट त्यानंतर अवघड झाली. नाव घेण्यात ताकद असते ती अशी.

आता या सेवेचा सर्वांत कमजोर भाग: बाहेर पडणे.

युद्ध संपल्यावर निर्बंध कसे सोडवावेत याचे चांगले उदाहरण अंगोला हेच आहे. युनिटावर १९९३ मध्ये शस्त्रे व इंधन, १९९७ मध्ये प्रवास व परदेशी कार्यालये, १९९८ मध्ये हिरे व पैसा अशा तीन टप्प्यांत निर्बंध चढले. युनिटाचा नेता सवींबी २२ फेब्रुवारी २००२ रोजी मारला गेला, ४ एप्रिलला लुएनाचा शांतता समझोता झाला. १७ मे रोजी परिषदेने प्रवासबंदी ९० दिवसांसाठी स्थगित केली, ऑगस्टमध्ये ती स्थगिती आणखी ९० दिवसांनी वाढवली, आणि ९ डिसेंबर २००२ च्या ठराव १४४८ ने उरलेले सगळे निर्बंध उठवले. आठ महिने. आधी प्रवास मोकळा केला, कारण करार राबवायला नेत्यांना हिंडावेच लागते. मुदत लहान ठेवली, म्हणजे शब्द मोडला तर निर्बंध आपोआप परततील. हा क्रम आजही नमुना म्हणून वापरण्याजोगा आहे. सिएरा लिओनमध्ये युद्ध संपल्याचे जानेवारी २००२ मध्ये जाहीर झाले, हिऱ्यांवरची बंदी जून २००३ मध्ये संपली, पण उरलेले निर्बंध उठायला सप्टेंबर २०१० उजाडले.

एकेका नावाच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे. समिती १५ सदस्यांची, निर्णय एकमताने. नाव घालायलाही एकमत आणि काढायलाही एकमत. घालताना हा नियम माणसाचे रक्षण करतो, काढताना तोच त्याच्या विरुद्ध जातो, कारण एका देशाने हरकत घेतली की नोंद आहे तशी राहते. अल-कायदा आणि इस्लामिक स्टेट यांच्या यादीला २००९ पासून स्वतंत्र लोकपाल आहे. त्याने नाव काढण्याची शिफारस केली तर ६० दिवसांत समितीने एकमताने विरोध केला तरच, किंवा प्रश्न परिषदेकडे गेला तरच ती थांबते. नाही तर नाव निघते. काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक किंवा तालिबानच्या यादीतल्या माणसाला हा लोकपाल मिळत नाही. त्याच्यासाठी आहे तो २००६ च्या ठराव १७३० ने स्थापन केलेला ‘फोकल पॉइंट’. हा भेदभाव आम्हाला अन्यायाचा वाटतो. शस्त्र खाली ठेवलेल्या माणसाला निःपक्ष सुनावणी मिळावी की नाही, हे तो कोणत्या यादीत आहे यावर ठरू नये.

फोकल पॉइंटची मूळ पद्धत अशी: अर्ज आला की तो नवा की जुनाच परत आलेला हे पाहतात, जुनाच असेल आणि नवी माहिती नसेल तर परत पाठवतात. नवा असेल तर नाव सुचवणाऱ्या देशाकडे, नागरिकत्वाच्या व राहत्या देशाकडे धाडतात आणि तीन महिने सल्लामसलत चालते. कोणीच काही म्हटले नाही तर समितीला कळवतात. तिथे कोणाही सदस्याने एका महिन्यात नाव काढण्याची शिफारस केली नाही, तर अर्ज फेटाळला असे समजतात. म्हणजे सगळ्यांचे मौन अर्जदाराच्या विरोधात मोजले जाते. जुलै २०२४ च्या ठराव २७४४ ने या कार्यालयाला माहिती गोळा करण्याचे आणि अर्जदाराशी संवाद साधण्याचे काम दिले, ही खरी सुधारणा आहे. शिफारशीचे वजन मात्र लोकपालाइतके नाही.

राजकीय इच्छा असली की काय होते तेही दिसले आहे. सीरियाचे अध्यक्ष अहमद अल-शारा २०१३ पासून क्यूडीआय.३१७ या क्रमांकाखाली होते. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी परिषदेनेच ठराव २७९९ संमत करून त्यांचे व गृहमंत्र्यांचे नाव काढले. १४ मते बाजूने, चीन तटस्थ. त्या ठरावाने दोन व्यक्ती उतरवल्या. त्यांच्या जुन्या गटाची नोंद, क्यूडीई.१३७, हा स्वतंत्र प्रश्न होता. माणसाचे नाव निघाले म्हणून त्याच्या गटाची नोंद निघाली असे कधीही धरून चालू नये, आणि उलटही नाही. कोलंबियात अमेरिकेने स्वीकारलेली पद्धत या बाबतीत जास्त स्वच्छ होती: ३० नोव्हेंबर २०२१ रोजी फार्क या बंडखोर गटाचे जुने नाव काढले आणि त्याच दिवशी शांतता करार न मानणारे दोन फुटीर गट नव्याने घातले. करार पाळणारा आणि मोडणारा यांच्यात रेघ ओढली गेली. करारानंतर पाच वर्षे लागली, हे मात्र खरे.

अपवादांची सोय बरी आहे, पण मुदती पाठ हव्यात. अन्न, भाडे, औषध, कर, वकिलाची फी यांसाठी देश समितीला आगाऊ कळवतो. काँगोच्या व्यवस्थेत चार कामकाजाच्या दिवसांत नकार आला नाही तर पैसे सोडता येतात, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकासाठी पाच दिवस. असाधारण खर्चाला मात्र स्पष्ट मंजुरी लागते. मदतसंस्थांसाठी डिसेंबर २०२२ चा ठराव २६६४ मोठा दिलासा आहे, पूर्वपरवानगीची गरज नाही. पण तो फक्त मालमत्ता गोठवण्यापुरता आहे, शस्त्रबंदी किंवा प्रवासबंदीला लागत नाही. शांतता बोलणीसाठी प्रवासाची सूट समितीकडून आधीच मागावी. बोलणी आणि निर्बंध यांचे वेळापत्रक कोणी सांभाळले नाही तर काय होते हे मार्च २०२५ मध्ये दिसले: युरोपीय संघाने एम-२३ च्या नेत्यांवर निर्बंध जाहीर केले आणि दुसऱ्या दिवसासाठी लुआंडात ठरलेल्या बोलणीतून एम-२३ ने लगेच अंग काढून घेतले.

गुण द्यायचेच तर नोंदींच्या मजकुराला पाचपैकी चार, फाइलला साडेतीन, बाहेर पडण्याच्या वाटेला दोन.

नाव काढण्याचा अर्ज करणाऱ्याने किंवा त्याच्या वारसाने या गोष्टी जोडाव्यात: कायमचा क्रमांक, कारणांच्या सारांशातल्या प्रत्येक आरोपाला वेगळे उत्तर, शस्त्रे जमा केल्याचा कागद, सध्याचा पत्ता व उत्पन्नाचे साधन, आणि मृत्यू झाला असेल तर दाखला व मालमत्ता कोणाकडे जाणार याची माहिती. मृताच्या अर्जात शेवटचा मुद्दा राहिला की अर्ज तिथेच रेंगाळतो, कारण वारस स्वतः यादीत नाही ना हे समितीला पाहायचे असते. आणि नाव निघाल्यावर समितीच्या प्रसिद्धीपत्रकाची प्रत क्रमांकासह कायम जवळ ठेवावी. खाजगी कंपन्यांच्या माहितीसाठ्यांत जुने नाव पुढेही राहून जाते, आणि बँकेच्या खिडकीवर तो एक कागदच उपयोगी पडतो.